प्रिया तेंडुलकर : पडद्यावरची 'रजनी' आणि आपल्या वर्गातला ग्राहक



मागच्या महिन्यात चौथीच्या वर्गात किंमत, नफा-तोटा असं गणित चालू होतं. एक मुलगा उठून म्हणाला, "बाई, बाटलीवर वीस रुपये छापलंय, दुकानदारानं बावीस घेतले. मग छापतात कशाला?" मी पटकन बोलून गेले, "अरे, थंड करायचे दोन रुपये घेतात ते. असतंच तसं." तो गप्प बसला. मला मात्र घरी गेल्यावर चैन पडेना. 'असतंच तसं' हे उत्तर शिक्षकाचं असू शकतं का?

स्वयंपाक करता करता आईला हे सांगितलं. आई म्हणाली, "आमच्या वेळेला टीव्हीवर रजनी होती, तिनं असं ऐकून घेतलं नसतं." त्या एका वाक्यावरून हा पाठ तयार झाला.

कोण होत्या प्रिया तेंडुलकर?

जन्म १९ ऑक्टोबर १९५४. वडील म्हणजे 'शांतता! कोर्ट चालू आहे' आणि 'घाशीराम कोतवाल' लिहिणारे नाटककार विजय तेंडुलकर. घरात लेखन, नाटक, वादविवाद यांचं वातावरण. पण प्रियाताई थेट पडद्यावर गेल्या असं झालं नाही. पंचतारांकित हॉटेलात रिसेप्शनिस्ट, हवाई सुंदरी, मॉडेल, वृत्तनिवेदिका अशी वेगवेगळी कामं त्यांनी केली. १९७४ साली श्याम बेनेगल यांच्या 'अंकुर' चित्रपटात त्या दिसल्या. पुढे 'गोंधळात गोंधळ', 'मुंबईचा फौजदार' असे मराठी चित्रपट आले. आपल्यापैकी अनेकांना त्या 'हम पाँच' मधल्या, भिंतीवरच्या फोटोतून बोलणाऱ्या पहिल्या बायकोच्या भूमिकेमुळे आठवत असतील.

रजनी म्हणजे काय होतं?

१९८५ साली दूरदर्शनवर बासू चटर्जी यांनी दिग्दर्शित केलेली 'रजनी' ही हिंदी मालिका सुरू झाली. तेव्हा बहुतेक घरांत दूरदर्शन हाच एक चॅनेल, त्यामुळे रविवारी सकाळी सगळी गल्ली एकच कार्यक्रम बघायची. रजनी ही साधी गृहिणी. साडी, टिकली, हातात पिशवी. गॅस सिलिंडर, टॅक्सीवाल्याची मनमानी, कार्यालयातली टोलवाटोलवी अशा रोजच्या गोष्टींवर ती अडून बसायची. मारामारी नाही, चमत्कार नाही. फक्त "का?" असं विचारायचं आणि उत्तर मिळेपर्यंत हलायचं नाही. टॅक्सीचा भाग टॅक्सीचालकांना इतका झोंबला, की त्यांनी दूरदर्शनकडे निषेध नोंदवला!

मुलांना इथे एक गोष्ट नीट सांगा. रजनी हे पात्र होतं, संवाद दुसऱ्या कुणी लिहिले होते. पण प्रियाताईंनी ते पात्र स्टुडिओत सोडून दिलं नाही. स्त्रियांच्या आणि सामाजिक प्रश्नांवर त्या स्वतःच्या नावानं जाहीरपणे बोलत राहिल्या. १९९० च्या दशकात टीव्हीवर त्यांचा स्वतःचा चर्चेचा कार्यक्रम होता. त्या चांगल्या लेखिकाही होत्या. 'ज्याचा त्याचा प्रश्न', 'जन्मलेल्या प्रत्येकाला', 'पंचतारांकित' ही त्यांची पुस्तकं. कर्करोगाशी झुंज दिल्यानंतर १९ सप्टेंबर २००२ रोजी मुंबईत हृदयविकारानं त्या गेल्या. वय अवघं ४७.

कायदा मालिकेमुळे आला का?

नाही. असं शिकवू नका. आपल्याकडे ग्राहक चळवळ आधीपासून होती. १९७४ मध्ये पुण्यात बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायतीचं काम सुरू केलं. २४ डिसेंबर १९८६ रोजी ग्राहक संरक्षण कायद्याला राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली, म्हणून आपण तो दिवस राष्ट्रीय ग्राहक दिन म्हणून पाळतो. आता २०१९ चा नवा कायदा लागू आहे. चळवळीनं रस्ता केला आणि रजनीनं 'तक्रार करणारी बाई म्हणजे भांडखोर' हा समज घराघरांत थोडा सैल केला, असं मला वाटतं.

वर्गात काय केलं?

दुसऱ्या दिवशी मी आधी त्या मुलाला सांगितलं, "काल बाई चुकल्या." एमआरपी म्हणजे सर्व करांसहित जास्तीत जास्त किंमत. थंड करायचे वेगळे पैसे त्यावर घेता येत नाहीत. मग मुलांनी घरून रिकामी पाकिटं आणली आणि वजन, किंमत, उत्पादनाची तारीख, वापरण्याची मुदत यांचा तक्ता केला. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक फळ्यावर लिहिला. शेवटी 'नम्रपणे पण ठामपणे कसं विचारायचं' याचं छोटं नाटुकलं बसवलं.

आता खरी गोष्ट सांगते. तो मुलगा वडिलांना घेऊन दुकानात गेला आणि बिचकत बिचकत विचारून आला. दुकानदाराची मुलगी आमच्याच शाळेत दुसरीला आहे. दोन दिवसांनी ते शाळेत आले. "बाई, फ्रीजचं लाइट बिल कोण भरणार? पोरांना आमच्याविरुद्ध शिकवता काय?" त्यांचीही अडचण खोटी नव्हती. मी चहा दिला, नियम सांगितला. ते न बोलता गेले. आता बाटली वीसलाच मिळते, पण रस्त्यात भेटले की ते पूर्वीसारखं हसत नाहीत. लहान गावात ही किंमत मोजावीच लागते, आणि ती कुठल्याच पाकिटावर छापलेली नसते.

पालकहो, तुमचं मूल घरी येऊन "का?" विचारेल तेव्हा "जाऊ दे, दोन रुपयांसाठी कशाला?" असं म्हणण्याआधी क्षणभर थांबा. प्रश्न दोन रुपयांचा नसतो. विचारायचं की गप्प बसायचं, हे मूल त्या क्षणी शिकत असतं.

मुलांसाठी प्रश्न
१) एमआरपी म्हणजे काय?
२) राष्ट्रीय ग्राहक दिन कधी असतो?
३) दुकानदाराचा अपमान न करता आपली तक्रार कशी सांगाल? पाच वाक्यं लिहा.
४) तुमच्या घरातली 'रजनी' कोण? तिची एक गोष्ट लिहा.

चौथ्या प्रश्नाची उत्तरं नक्की वाचा. माझ्या वर्गात सगळ्यात जास्त वेळा 'आजी' आली!