बालसंस्कार आणि हत्तीचा दृष्टांत

सर्वज्ञ श्रीचक्रधरस्वामींनी निरूपिलेले 114 दृष्टांत केशिराजबासांनी ‘दृष्टांतपाठा’त संकलित केले. प्रथम सूत्र, मग दृष्टांत, शेवटी दार्ष्टांतिक, अशी त्याची मांडणी आहे. बालकांना शिकविताना मात्र प्रारंभ दृष्टांतानेच करावा.

हत्तीचा दृष्टांत घ्यावा. गावात हत्ती येतो. जन्मांध माणसे त्याला चाचपतात. ज्याच्या हाती पाय लागला तो हत्तीला खांबासारखा म्हणतो. ज्याच्या हाती कान लागला तो सुपासारखा म्हणतो. डोळसाला संपूर्ण हत्ती दिसतो. लहान मूल येथे हसते, हसू द्यावे. तेच मूल जाणते झाल्यावर, भावंडाशी वाद घालताना, आपल्याही हाती एकच अवयव असेल, हे त्याला उमगते. पुढे परमेश्वराविषयीचे आपले ज्ञानही अंशमात्र आहे, हा मूळ बोध होतो. कथा तीच राहते. वयागणिक तिचा अर्थ नवा होतो.

दार्ष्टांतिक घाईने सांगितले तर मूल ते पाठ करते आणि तेथेच थांबते. पेरलेले बी रोज उकरून पाहिले तर ते रुजत नाही. म्हणून कथा सांगावी, ‘त्यांच्यापैकी खोटे कोण बोलले?’ एवढेच विचारावे, आणि पुढील वर्षी तीच कथा पुन्हा सांगावी.