अणूच्या आत कोण डोकावले?

विद्यार्थी मित्रांनो, 'अणूची प्रारूपे स्पष्ट करा' हा परीक्षेतला नेहमीचा प्रश्न. आपण नावे आणि आकृत्या पाठ करतो. पण अणू डोळ्यांना दिसतच नव्हता, तर त्याच्या आत काय आहे हे शास्त्रज्ञांना कळले कसे?

जॉन डाल्टन यांनी १८०८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात अणू अविभाज्य मानला होता. १८९७ मध्ये जे. जे. थॉमसन यांनी इलेक्ट्रॉन शोधला आणि अणूलाही भाग असतात हे कळले. १९०४ मध्ये त्यांनी आपले प्रारूप मांडले. त्यातला अणू कलिंगडासारखा होता : गर धनप्रभाराचा आणि बिया म्हणजे इलेक्ट्रॉन.

थॉमसन यांचेच शिष्य अर्नेस्ट रदरफोर्ड पुढे मँचेस्टरला प्राध्यापक झाले. १९०९ मध्ये त्यांच्या प्रयोगशाळेत हान्स गायगर आणि अर्नेस्ट मार्सडेन यांनी धातूच्या पत्र्यांवर अल्फा कणांचा मारा केला. मार्सडेन तेव्हा वीस वर्षांचे विद्यार्थीच होते. अंधारात बसून सूक्ष्मदर्शकातून पडद्यावरचे प्रकाशाचे ठिपके एकेक करून मोजायचे, असे ते काम होते. कलिंगडाच्या प्रारूपानुसार कण फार तर किंचित वळायला हवे होते. पण काही चक्क उलट फिरले! प्लॅटिनमवर हे प्रमाण ८००० कणांत साधारण एक असे आले.

'मोजण्यात चूक झाली असेल' म्हणून हा एक कण सोडून देता आला असता. रदरफोर्ड यांनी तो सोडला नाही. १९११ मध्ये त्यांनी निष्कर्ष मांडला : अणूचे जवळजवळ सर्व वस्तुमान मधल्या अतिसूक्ष्म केंद्रकात एकवटलेले असते. धनप्रभारित अल्फा कणाला मागे ढकलते ते हेच. अणू क्रिकेटच्या मैदानाएवढा मानला, तर केंद्रक मिरीच्या दाण्याएवढे!

याही प्रारूपात अडचण होती. फिरणारा इलेक्ट्रॉन ऊर्जा गमावून केंद्रकात कोसळायला हवा. १९१३ मध्ये नील्स बोर यांनी इलेक्ट्रॉनला ठरावीक कक्षा दिल्या. हायड्रोजनचा वर्णपट त्यातून उलगडला, पण अनेक इलेक्ट्रॉनांच्या अणूंना तेही प्रारूप अपुरे पडले.

म्हणून मित्रांनो, प्रयोगाचे निरीक्षण पुस्तकाशी जुळले नाही, तर शेजाऱ्याच्या वहीतला आकडा उतरवू नका. प्रयोग पुन्हा करा, पुन्हा मोजा आणि आले तेच लिहा. पालकांनीही गुणांबरोबर 'तुला काय दिसले?' हे जरूर विचारावे.

करून पाहा : मोठ्या पुठ्ठ्याखाली मित्राला एखादी वस्तू लपवायला सांगा. चारी बाजूंनी गोट्या सोडा. त्या कुठून बाहेर येतात यावरून वस्तूचा आकार ओळखा. पुठ्ठा मात्र शेवटपर्यंत उचलू नका!