नौकेवरचा पंखा

पावसाळ्यातील बंदी उठून मासेमारी सुरू होते, आणि पाठोपाठ आश्विनातील उन्हे तापू लागली म्हणजे कोकणच्या किनाऱ्यावर नौकांतून रात्र काढणाऱ्या खलाशांची कसोटी लागते. दिवसा समुद्राकडून जमिनीकडे वाहणारे खारे वारे सूर्यास्तानंतर मंदावतात. जमिनीकडून समुद्राकडे जाणारे मतलई वारे मात्र रात्र बरीच चढेपर्यंत जोर धरीत नाहीत. मधल्या प्रहर-दीड प्रहरात वारा अगदी पडतो. खाडीच्या मुखाशी नांगर टाकून उभ्या असलेल्या नौकेवरची ध्वजाची चिंधीसुद्धा त्या वेळी हलत नाही.

अशा नौकेची केबिन म्हणजे सहा-सात फूट लांबरुंद अशी एक लाकडी पेटीच असते. दिवसभर उन्हात भाजलेले छत रात्री आपली उष्णता आत सोडीत राहते. फळ्यांखाली नुकतेच बंद केलेले इंजिन धगधगत असते. त्यात झोपलेली माणसे हीदेखील उष्णतेची उगमस्थानेच होत. स्वस्थ पडलेल्या माणसाच्या शरीरातून सुमारे 75 वॅटच्या दिव्याइतकी उष्णता सतत बाहेर पडत असते. चार खलाशी त्या पेटीत निजले म्हणजे असे चार दिवे रात्रभर जळत ठेवल्यासारखे होते. खलाशाची झोप ही चैनीची बाब नव्हे. रात्रभर तळमळत पडलेला माणूस पहाटे जाळे ओढण्यास उभा राहतो, तेव्हा त्याचा हात चालत्या दोरात सापडण्याचा धोका अधिक असतो.

अशाच एका लहान नौकेवरची ही हकीकत आहे. नौकेचा तांडेल पन्नाशी ओलांडलेला, समुद्राचा जाणकार. त्याचा पुतण्या तालुक्याच्या गावी विजेच्या कामाचे शिक्षण घेत होता आणि सुट्टीत काकांच्या नौकेवर येत असे. एका संध्याकाळी त्याने घरातील टेबलपंखा नौकेवर आणला. बॅटरीच्या विजेवर घरगुती उपकरणे चालविणारा इन्व्हर्टरही त्याने कोणाकडून तरी मागून आणला होता. त्या रात्री केबिनमध्ये वाऱ्याचा झोत सुटला आणि चारही खलाशी बऱ्याच दिवसांनी गाढ झोपले. तांडेलानेही पुतण्याची पाठ थोपटली.

पहाटे पाच वाजता तांडेलाने इंजिनाची कळ दाबली. खट्ट असा एक आवाज झाला आणि पुढे काहीच नाही. पुन्हा दाबली, तरी तेच. बॅटरी पूर्ण उतरली होती. संदेशयंत्र मुके झाले होते आणि नांगरावर असल्याची खूण म्हणून लावलेला दिवाही केव्हाच विझला होता. अंधारात, येण्याजाण्याच्या वाटेवर, ती नौका रात्रीचा काही काळ दिव्यावाचून उभी होती, हे ध्यानात येताच तांडेलाचा चेहरा उतरला. सुदैवाने समुद्र शांत होता. शेजारच्या नौकेने दोर बांधून त्यांना बंदरात ओढून आणले; त्या दिवसाची मासेमारी मात्र बुडाली.

पुतण्या खाली मान घालून बसला होता. तांडेल त्याच्यावर रागावला नाही. तो एवढेच म्हणाला, “अरे, वारा पाहिजे हे खरे. पण तो किती किमतीला पडतो, याचा हिशेब आधी करायला नको का?”

“काका, चूक झाली,” पुतण्या म्हणाला, “हिशेब मला येत होता, मी तो केला नाही.”

तो हिशेब फारसा अवघड नाही. घरातील टेबलपंख्यास सुमारे 55 वॅट शक्ती लागते. बॅटरीची 12 व्होल्टची वीज घरगुती विजेसारखी करताना इन्व्हर्टरमध्येही काही शक्ती वाया जाते. म्हणून बॅटरीवर प्रत्यक्ष भार पडतो तो सुमारे 65 वॅटचा. 65 ला 12 ने भागले की जवळजवळ साडेपाच अँपिअर प्रवाह येतो. असा पंखा रात्री आठपासून पहाटे पाचपर्यंत, म्हणजे नऊ तास चालला, की सुमारे 50 अँपिअर-तास वीज खर्च होते. नौकेवरील बॅटरीवर 100 अँपिअर-तास असा आकडा छापलेला असतो खरा. परंतु शिशाची बॅटरी निम्म्याहून अधिक उतरविली तर तिचे आयुष्य झपाट्याने घटते. शिवाय जुन्या बॅटरीत छापलेल्या आकड्याइतकी वीज मावतही नाही. एकटा पंखाच असा निम्मा साठा गिळून बसला. त्यात दिवा आणि संदेशयंत्र यांचा खर्च मिळाला, आणि इंजिनाचे चाक फिरविण्यासाठी क्षणभर लागणारा शेकडो अँपिअरचा प्रवाह देण्याचे त्राण बॅटरीत उरले नाही.

घरात पंख्याची निवड करताना वारा किती येतो एवढेच पाहिले तरी चालते, कारण भिंतीमागे विजेचा अखंड पुरवठा असतो. इंजिन बंद असलेल्या नौकेवर वीज ही रांजणातील पाण्यासारखी मोजकी असते. म्हणून तेथे प्रश्न असा विचारावा लागतो, की एका अँपिअरमागे निजलेल्या माणसाच्या अंगावर किती वारा पोहोचतो.

या ठिकाणी पंखा नेमके काय करतो, हे समजून घेणे इष्ट आहे. पंख्याने हवा थंड होते ही सार्वत्रिक समजूत चुकीची आहे. पंख्याची मोटार स्वतः थोडीशी तापत असल्याने बंद खोलीतील हवा पंख्यामुळे किंचित गरमच होते. गारवा येतो तो घाम वाळल्यामुळे. एक ग्रॅम घाम वाळून जाताना शरीरातील सुमारे 580 कॅलरी उष्णता आपल्याबरोबर घेऊन जातो. परंतु अंगालगतच्या हवेचा पातळ थर दमट झाला की घाम वाळणे मंदावते. किनाऱ्यावर तर हवा मुळातच दमट असते. पंखा तो थर सतत दूर सारतो आणि नवी हवा अंगाशी आणतो. यासाठी झंझावाताची गरज नसते. सेकंदाला सुमारे एक मीटर वेगाची झुळूक अंगावर आली, तरी हवा दोन-तीन अंशांनी उतरल्यासारखी वाटते. मात्र ती झुळूक अंगावर आली पाहिजे. माणूस नाही अशा कोपऱ्यात फिरणारा पंखा कोणालाही गारवा देत नाही. वीज तेवढी खातो.

पंख्याच्या गतीचा आणि शक्तीचा एक मोठा विलक्षण संबंध आहे. पंख्याची गती निम्मी केली तर वारा निम्मा होतो. पण त्यासाठी लागणारी शक्ती निम्मी न होता केवळ आठव्या हिश्शावर येते. मोटारीच्या अंगच्या घर्षणामुळे प्रत्यक्षात बचत इतकी होत नाही, तरीही ती पुष्कळच होते. यावरून असे दिसते की, लहान पात्यांचा आणि भिरभिर फिरणारा पंखा हा विजेच्या दृष्टीने उधळ्या असतो. जागेत मावेल तितकी मोठी पाती घ्यावी आणि ती सावकाश फिरवावी, यात काटकसर आहे. सावकाश फिरणारा पंखा आवाजही कमी करतो, हा लाभ निराळाच. दुकानात पंखा तोंडासमोर धरून त्याची परीक्षा करण्याची जी आपल्याकडे रीत आहे, ती या बाबतीत फसवी ठरते. कारण त्या परीक्षेत उधळा पंखाच हटकून पहिला येतो.

दुसऱ्या आठवड्यात काका-पुतणे शहरातील बाजारात गेले. पुतण्याने प्रवाह मोजण्याचे यंत्र बरोबर घेतले होते. मोटारगाडीत लावण्याचा एक फिरत्या मानेचा पंखा दुकानदाराने मोठ्या कौतुकाने दाखविला. तो दीड अँपिअर प्रवाह घेत होता. म्हणजे नऊ तासांत साडेतेरा अँपिअर-तास. बोटीच्या केबिनसाठीच बनविलेला, सात इंची पात्यांचा एक साधा दिसणारा पंखा मंद गतीवर पाव अँपिअर आणि वेगाने चालविल्यास सुमारे 0.4 अँपिअर घेत होता. वेगाने चालविला तरी त्याचा रात्रीचा खर्च चार अँपिअर-तासांपेक्षा कमी भरत होता. किंमत मात्र पहिल्यापेक्षा बरीच अधिक होती. तांडेलाने बराच वेळ दोन्ही पंखे हातात घेऊन पाहिले आणि अखेर दुसऱ्या जातीचे दोन पंखे बांधून द्यावयास सांगितले.

या निवडीस आणखी एक कारण होते. गाडीच्या पंख्यात जुन्या पद्धतीची मोटार होती. तिच्यात कार्बनचे लहान तुकडे फिरत्या भागावर घासून वीज पोहोचवितात. या घर्षणाने तुकडे झिजतात, वीज वाया जाते आणि बारीक ठिणग्या उडत राहतात. घरात या ठिणग्यांचे कोणाला भय वाटत नाही. पण ज्या नौकेवर स्वयंपाकाचा गॅस आहे, तेथे गोष्ट वेगळी आहे. हा गॅस हवेपेक्षा जड असतो. गळती झाल्यास तो नौकेच्या तळाशी साचून राहतो आणि तेथून वाऱ्याने सहज निघून जात नाही. पेट्रोलच्या वाफेचेही तसेच. अशा ठिकाणी एक ठिणगी पुरे होते. नव्या पद्धतीच्या ब्रशविरहित मोटारीत घासणारे तुकडेच नसतात. त्यामुळे तशी ठिणगी पडत नाही आणि वीजही कमी लागते. तथापि गॅसचा वास आल्यावर कोणत्याही विजेच्या कळीला हात लावू नये. आधी झडपा उघडाव्या आणि माणसांनी बाहेर यावे.

पंखा आणला तरी काम संपत नाही, कारण चार माणसांच्या श्वासाने कोंदट झालेली हवा पंखा नुसती घोळवीत राहतो. ती बाहेर जाऊन ताजी हवा आत यावी लागते. ही अडचण फार जुनी आहे. शिडांच्या जहाजांवर कापडाचे मोठे नरसाळे दोराने टांगून वारा तळघरापर्यंत उतरवीत असत. इंग्लंडमध्ये स्टीफन हेल्स या धर्मोपदेशक शास्त्रज्ञाने 1741 साली जहाजांसाठी भात्याच्या तत्त्वावर चालणारे वायुवीजनाचे यंत्र पुढे आणले. पुढे ‘डोराड’ या अमेरिकन शिडाच्या नौकेने 1931 साली अटलांटिक महासागरावरील शर्यत जिंकली, आणि तिच्यामुळे हवा आत घेणारी पण लाटेचे पाणी बाहेरच अडविणारी एक पेटी नौकानयनात प्रसिद्ध झाली. आजही त्या पेटीस त्या नौकेचेच नाव आहे. यांपैकी कशालाही वीज लागत नव्हती, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

म्हणून तांडेलाने आधी फुकटचा गारवा पदरात पाडून घेतला. दुपारपासूनच छतावर हातभर उंचीवर पांढरी ताडपत्री ताणली, म्हणजे फळ्या तापेनाशा झाल्या. पुढच्या बाजूची झडप उघडी ठेवली. नांगरावरची नौका सामान्यतः वाऱ्याकडे तोंड करून राहते, त्यामुळे पुढची झडप वारा पकडते. खाडीत मात्र भरती-ओहोटीचा ओढ नौकेला आडवी फिरवितो, आणि मग वारा असूनही तो झडपेजवळून निघून जातो. अशा वेळी पंख्याची खरी गरज पडते. खाडीकाठच्या कांदळवनातून येणाऱ्या डासांसाठी झडपेस जाळी लावावीच लागते. ती जाळीही वाऱ्याचा बराचसा जोर मोडते.

एक पंखा निजणाऱ्यांच्या डोक्याकडून छातीकडे झोत जाईल असा, अडीच फुटांवर बसविण्यात आला. दुसरा पंखा मागच्या भिंतीत, छताजवळ लावून गरम हवा बाहेर फेकावयाची असे ठरले. या दुसऱ्या पंख्याच्या बाबतीत तांडेलाने एक शंका काढली, आणि ती फार महत्त्वाची होती.

“हा आतली हवा बाहेर फेकणार. मग तितकी हवा आत कोठून येणार?”

“पुढच्या झडपेतून, काका.”

“आणि पावसाने झडप बंद केली तर?”

पुतण्या थांबला. झडप बंद असेल तर पंखा मिळेल त्या फटीतून हवा ओढील. आणि त्या केबिनमधील सर्वांत मोठ्या फटी इंजिनावरच्या फळ्यांना होत्या. इंजिन चालू असताना त्या वाटेने धूर आत आला तर त्याबरोबर कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायूही येईल. या वायूला रंग नाही, वास नाही, आणि झोपलेल्या माणसास तो जागे होण्याची संधी देत नाही. त्या दिवशी दोघांनी आधी इंजिनावरच्या फटी बुजविल्या, धुराच्या नळीचे सांधे तपासले, आणि बाहेर हवा फेकणारा पंखा इंजिन चालू असताना कधीही लावावयाचा नाही, असे ठरवून टाकले.

राहिला विजेचा साठा. दोन पंखे रात्रभर वेगाने चालले तरी सुमारे सात अँपिअर-तास. नांगराच्या दिव्याचा जुना दहा वॅटचा गोळा काढून त्या जागी एलईडी दिवा आला, तेव्हा त्याचाही खर्च पाचव्या हिश्शाच्या आसपास उतरला. छताच्या कडेला 50 वॅटचा सौर पत्रा बसविला. निरभ्र दिवशी त्यापासून 12 ते 15 अँपिअर-तास वीज परत मिळते. सर्वांत शहाणपणाची गोष्ट म्हणजे त्यांनी एक दुसरी लहान बॅटरी आणून पंखे आणि दिवे तिच्यावर टाकले. मोठी बॅटरी केवळ इंजिन आणि संदेशयंत्र यांसाठी राखून ठेवली. तारांच्या जोडांना खाऱ्या हवेने हिरवा गंज चढतो आणि मग चांगला पंखाही रडत फिरतो. म्हणून जोड घट्ट आवळून त्यांवर ग्रीस लावण्यात आले. हे काम दर महिन्यास पाहावयाचे, असे तांडेलाने खलाशांना बजावले.

पुढच्या फेरीत नौका पुन्हा त्याच खाडीच्या मुखाशी नांगरली. पंख्याचा आवाज इतका मंद होता, की तो चालू आहे किंवा नाही हे पाहण्यास एका खलाशाने दोनदा हात पुढे केला. तिघांना झोप लागली. चौथ्याची जागा इंजिनाच्या बाजूला होती. तेथपर्यंत झोत पोहोचत नव्हता. मध्यरात्री तो उठला आणि आपली चटई घेऊन बाहेर ताडपत्रीखाली जाऊन निजला. दुसऱ्या दिवशी सकाळी पुतण्या पेचकस घेऊन पंख्याची जागा वीतभर डावीकडे सरकवू लागला.