पोहून आल्यावर कान कोरडा करा

उन्हाळ्याची सुट्टी लागली की पोरे विहिरीवर धावतात. पाठीला भोपळा बांधायचा नि काठावरून धाडकन् उडी टाकायची! पोहणे चांगलेच. त्याला बंदी करा असे मी म्हणणार नाही. पण रात्री पोर कान धरून रडू लागते. मग आजी पळीत तेल घेते, त्यात लसणाची पाकळी तडतडवते आणि ते तेल कानात ओतते.

इथेच चुकते.

कानाचे भोक सुमारे एक इंच खोल असते. पुढे पडदा असतो. त्या बोळीत पाणी साचले की आतली कातडी भिजून मऊ पडते. तिथे जंतू वाढतात. कान खाजतो. मग आपण आगकाडी घालतो. ओरखडा पडतो, त्यातून जंतू आत शिरतात आणि ठणका लागतो. कानातला मळ काही घाण नव्हे. तो तेलकट असतो, पाणी आत मुरू देत नाही. तो कोरून काढू नये.

तेव्हा पाण्यातून वर आले की डोके एका बाजूला कलते करा. कान हाताने वर आणि मागे ओढा. पाणी आपोआप गळते. मग दुसरा कान. शेवटी स्वच्छ सुती फडक्याने बाहेरून टिपा. फडक्याची वात करून आत खुपसू नका. झाले! याला पैसा पडत नाही.

माझ्या वर्गात एक मुलगा होता. नाव पुकारले तरी गप्प बसे. मी त्याला आळशी समजलो. दोनदा छडीही मारली. पुढे त्याची आई शाळेत आली तेव्हा कळले, की त्याचे दोन्ही कान दोन वर्षे वाहत होते. घरी रोज तेल घालीत. पोराला नीट ऐकूच येत नव्हते. मी त्याला पहिल्या बाकावर घेतले, पण मारलेली छडी काही परत घेता येत नाही.

पडदा फाटलेला असला तर तेल, औषध, पाणी, सारे थेट आत जाते. पडदा आपल्याला बाहेरून दिसत नाही. म्हणून दुखऱ्या कानात घरचे काहीच घालू नका. कान ओढल्यावर दुखला, पू आला किंवा कमी ऐकू येऊ लागले, तर आरोग्य केंद्रात दाखवा. कानामागे सूज आली नि ताप चढला, तर त्याच दिवशी न्या. ज्याचा कान पूर्वी फुटला आहे त्याने डॉक्टरला विचारल्याशिवाय विहिरीत उतरू नये. आंघोळीच्या वेळी व्हॅसलीन लावलेला कापूस कानाच्या तोंडाशी ठेवावा, नि अंग पुसल्यावर आठवणीने काढावा.