कोदो-कुटकी : कोंड्यातील गुण आणि साठवणीतील धोका

बालाघाट जिल्हा वैनगंगेच्या खोऱ्यातील भातासाठी प्रसिद्ध आहे. परंतु बैहर, परसवाडा व बिरसा या डोंगराळ भागांतील हलक्या, उताराच्या जमिनीत बैगा व गोंड शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या कोदो आणि कुटकी पिकवीत आले आहेत. कोदोलाच कोकणात हरीक म्हणतात. गरिबाचे अन्न म्हणून उपेक्षिलेल्या या भरड धान्यांकडे, संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरड धान्य वर्ष म्हणून घोषित केल्यावर, पुन्हा लक्ष वेधले गेले.

ओटपासून मिळणारा बोध

ओट, म्हणजे हिंदीतील जई, हे थंड प्रदेशातील धान्य होय. त्यातील बीटा-ग्लूकन हा विद्राव्य तंतू आतड्यात बुळबुळीत होऊन पित्ताम्ले बांधून ठेवतो. नवी पित्ताम्ले तयार करण्यासाठी शरीर रक्तातील कोलेस्टेरॉल वापरते व त्याचे प्रमाण घटते. ओटमध्ये ॲव्हेनँथ्रमाइड नावाची फिनॉलवर्गीय द्रव्येही असतात. कोदोत ही विशिष्ट द्रव्ये नाहीत. परंतु त्याच फिनॉल कुळातील फेरुलिक आम्लासारखी द्रव्ये त्यात आहेत. कोदोचे पीठ मुक्त मूलके निष्प्रभ करण्यात इतर अनेक भरड धान्यांहून सरस असल्याचे प्रयोगशाळेतील तपासण्यांत आढळले आहे. अर्थात, त्यामुळे कोदो हे औषध ठरत नाही.

गुण कोठे असतात?

ही द्रव्ये मुख्यतः दाण्याच्या बाह्य आवरणात, पेशीभित्तिकेच्या तंतूंशी जखडलेली असतात. मोठ्या आतड्यातील जीवाणू ती हळूहळू मोकळी करतात. म्हणून दाणा जितका अधिक घासावा, तितके गुण कमी होतात. हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या तक्त्यांनुसार १०० ग्रॅम पॉलिश केलेल्या तांदळात सुमारे २.८ ग्रॅम, कोदोत ६.४ ग्रॅम व कुटकीत ७.७ ग्रॅम तंतू असतात. तंतूंमुळे अन्नातील साखर रक्तात सावकाश उतरते. मधुमेही व्यक्तींना असा आहार उपयुक्त असला, तरी त्यांनी वैद्यकीय सल्ल्याशिवाय औषध बंद करू नये.

मतौना कोदो

कोदो खाऊन चक्कर, उलट्या, थरथर व गुंगी येते, हा अनुभव जुना आहे. अशा धान्यास मध्य भारतात ‘मतौना’ कोदो म्हणतात. हा दोष कोदोचा नसून बुरशीचा आहे. पीक कापणीच्या वेळी भिजले किंवा दमट जागी साठवले, तर दाण्यांवर ॲस्परजिलस जातीची बुरशी वाढते व सायक्लोपायझोनिक आम्ल हे विष निर्माण करते. बाधित कोदोतील या विषाची नोंद १९८५ साली शास्त्रज्ञांनी केली. ऑक्टोबर २०२४ च्या अखेरीस उमरिया जिल्ह्यातील बांधवगड येथे १० हत्ती दगावले. त्यांच्या नमुन्यांतही बरेलीच्या भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्थेस हेच विष आढळले.

घ्यावयाची काळजी

१. कापलेले पीक पावसात भिजू देऊ नये. मळणीनंतर दाणे कडक उन्हात पूर्ण वाळवावेत.
२. कोठी जमिनीपासून उंच, कोरडी व हवेशीर असावी.
३. काळपट, बुरसटलेले वा कुबट वासाचे धान्य माणसांनी खाऊ नये व जनावरांनाही घालू नये. शिजवल्याने विष जाईल यावर विसंबू नये.
४. भरडताना टरफल काढावे, पण दाणा पांढराशुभ्र होईपर्यंत घासू नये.
५. विषबाधेची लक्षणे दिसताच रुग्णास प्राथमिक आरोग्य केंद्रात न्यावे व धान्याचा नमुना सोबत द्यावा.

शिक्षकांनी निरोगी व बुरसटलेले दाणे बंद काचेच्या बरणीत शेजारी शेजारी ठेवून मुलांना फरक दाखवावा. हा फरक घरोघरी कळला, तर कोदोच्या पेजेवरील लोकांचा विश्वास टिकेल आणि मतौन्याच्या भीतीने हे गुणकारी पीक शेतातून हद्दपार होणार नाही.