येझदी, 0.4 मिलिमीटर आणि मी

व्हायवाला "कॉन्टॅक्ट ब्रेकरचं काम काय?" असं विचारलं की निम्मी मुलं पंख्याकडे बघतात. "सर, आता तो गाड्यांत नसतोच, मग शिकायचा कशाला?" असं विचारणारेही भेटतात. याचं उत्तर मला वर्गात नाही, खंबाटकी घाटात मिळालं.

वडिलांची 1982 ची येझदी. म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यातली. तो कारखाना 1996 साली बंद पडला. 250 सीसी, टू-स्ट्रोक, सिलिंडर एक पण सायलेन्सर दोन, आणि किक व गिअरचा दांडा एकच! हॉस्टेलला असताना मी हीच चालवायचो. पुढे एकदा पावसात घसरलो, मनगट मोडलं आणि आईनं किल्ली कपाटात ठेवून दिली. गाडी वीस वर्षं गावी गोठ्यात उभी. वडील गेल्यावर भंगारवाला दारात आला, तेव्हा आईच म्हणाली, "चालवणार असशील तर ठेव. नुसती उभी करायची असेल तर दे त्याला."

ठेवली. टाकी धुतली, कार्ब्युरेटर साफ केला, टायर आणि ब्रेक लायनर नवे घातले, आरटीओत तपासणी करून नोंदणी पुढे वाढवली. पेट्रोलमध्ये लिटरला 40 मिली ऑईल, म्हणजे 25:1. नवव्या किकला चालू झाली! पहिले पंधरा दिवस मात्र आवाराबाहेर काढली नाही. हात गिअर विसरत नाहीत हे खरं, पण ड्रम ब्रेकवर गाडी किती अंतरात थांबते, हा अंदाज नव्यानं शिकावा लागतो.

महिन्याभरात गाडी घाटात ओढेना. सायलेन्सर भलतेच तापायचे. एका मेकॅनिकनं काही न उघडताच निदान केलं, "बोअर करावा लागेल, पिस्टन नवा." म्हणजे वडिलांनी जपलेलं इंजिन खोलायचं. मी जवळजवळ हो म्हणालो होतो. मग म्हटलं, मुलांना रोज सांगतो ते आधी स्वतः करू. लॅबमधला कॉम्प्रेशन गेज लावला. कॉम्प्रेशन चांगलं होतं! मग डायनॅमोचं झाकण काढून पॉइंट्समध्ये फीलर गेज घातला. गॅप हवा 0.4 मिमी, निघाला जेमतेम 0.2.

आता थिअरी बघू. पॉइंट्स मिटलेले असतात तेव्हा कॉइलच्या प्रायमरीतून करंट वाहतो आणि चुंबकीय क्षेत्र तयार होतं. कॅमनं पॉइंट्स उघडले की करंट तुटतो, क्षेत्र कोसळतं, सेकंडरीत मोठा व्होल्टेज येतो आणि प्लगला ठिणगी पडते. कंडेन्सर पॉइंट्सवरच ठिणगी उडू देत नाही. टू-स्ट्रोकमध्ये हे प्रत्येक फेऱ्याला होतं, म्हणजे 3000 आरपीएमला सेकंदात 50 वेळा. क्रँकचा एक अंश फिरायला सेकंदाचा अठरा हजारावा भाग लागतो!

वीस वर्षांत कॅम गंजला होता, वरचा फेल्ट कोरडा ठणठणीत. त्यानं पॉइंटची फायबरची टाच झिजवली. टाच झिजली की गॅप कमी होतो, गॅप कमी झाला की पॉइंट्स उशिरा उघडतात आणि ठिणगीही उशिरा पडते. पिस्टन खाली जात असताना जळणं चालूच राहतं. ताकद चाकाला न जाता उष्णता सायलेन्सरला जाते. दोन्ही लक्षणं जुळली की नाही?

कॅम पॉलिश पेपरनं साफ केला, फेल्टला तेल दिलं, नवे पॉइंट्स बसवून जास्तीत जास्त उघडलेल्या स्थितीत 0.4 चा गॅप लावला. टायमिंग त्यानंतर. हा क्रम उलटा करू नका, कारण गॅप बदलला की टायमिंगही बदलतं. पुढच्या रविवारी घाट तिसऱ्या गिअरवर चढलो.

जुन्या गाडीचं उगाच कौतुक नको. टू-स्ट्रोकमध्ये न जळलेलं मिश्रणही थोडं एक्झॉस्टमधून निघून जातं, म्हणून रोज कॉलेजला मी बसनंच येतो. 2022 साली येझदी हे नाव परत आलं तेही फोर-स्ट्रोक इंजिन घेऊनच. पण या गाडीत बिघाड डोळ्यांना दिसतो, बोटांना लागतो. निदान आधी, पाना नंतर, हे तिनं मला चाळिशीनंतर शिकवलं.

येत्या शनिवारी वर्कशॉपमागे झाकण उघडणार आहे. ज्यांना बघायचंय त्यांनी फीलर गेज घेऊन या. चक्करही मिळेल, पण हेल्मेट आणि लायसन्स असेल तरच!