सही करण्याआधी

समजा, बाजारचा दिवस आहे. एक शेतमजूर गडी सायकलीवरून घरी निघाला आहे. मागून जीप आली. धडक बसली. मांडीचे हाड मोडले. गड्याचे वय 35. घरात बायको, दोन मुले आणि म्हातारी आई.

हाड जुळले, पण पाय पहिल्यासारखा झाला नाही. पाचव्या महिन्यात विमा कंपनीचा माणूस घरी आला. चहा घेतला. म्हणाला, "दादा, कोर्टात वर्षे जातील. हे अडीच लाख घ्या. इथे सही करा."

एवढा पैसा त्या घराने कधी पाहिला नव्हता. आई म्हणाली, "घे बाबा, देव पावला."

आपण आधी हिशेब करू या.

रस्त्यावरच्या प्रत्येक गाडीचा विमा मालकाला उतरवावाच लागतो. तसा कायदाच आहे. म्हणून ही भरपाई म्हणजे दान नव्हे. तो आपला हक्क आहे.

गडी महिन्याला 10,000 रुपये मिळवीत होता. वर्षाचे झाले 1,20,000. आता ओझे उचलता येत नाही, उकिडवे बसता येत नाही. कमाई पाचव्या हिश्शाने घटली असे धरू. म्हणजे वर्षाला 24,000 चा तोटा. असा तोटा किती वर्षांचा धरायचा? 2009 साली सर्वोच्च न्यायालयाने वयाप्रमाणे आकडे नक्की केले. 31 ते 35 वयाला 16. चोवीस हजार सोळा वेळा, म्हणजे 3,84,000. चार महिने मजुरी बुडाली, ते 40,000. दवाखाना व औषधे 90,000. झाले 5,14,000. गाडीभाडे, बायकोचे बुडालेले रोज आणि सोसलेले दुखणे यांत धरलेच नाही!

मग अडीच लाख आले कुठून? मोटार वाहन कायद्याचे 164 वे कलम आहे. भारी दुखापत झाली, तर चूक कोणाची हे न पाहता 2,50,000 मिळतात. चूक सिद्ध करणे अवघड असेल, तेव्हा ही रक्कम बरी. पण कंपनीशी तडजोड करून ती घेतली, की मोठा दावा संपतो. इथे तर जीपने मागून ठोकरले. पंचनाम्यात तसे लिहिले आहे.

गडी म्हणाला, "साहेब, कागद ठेवून जा. वाचून सांगतो."

कागदावर 'पूर्ण व अंतिम' असे शब्द होते. हे दोन शब्द नीट ओळखून ठेवा. त्यांखाली सही केली, की पुढे पाय पुन्हा कापावा लागला तरी मागणे नाही.

कंपनी घासाघीस करणारच. ती म्हणेल, "पाय तर बरा झाला." आपण सरकारी दवाखान्याचा अपंगत्वाचा दाखला दाखवावा. ती म्हणेल, "मजुरीला पुरावा काय?" शेतमालकाचा जबाब द्यावा. औषधाची एकेक पावती जपावी. चुलीत घालू नये. किती खाली उतरायचे ते घरात आधी ठरवावे, आणि ते कोणाला सांगू नये.

एक घाई मात्र करावीच. दाव्याला कायद्याने सहा महिन्यांची मुदत घातली आहे. बोलणी चालू असली, तरी जिल्ह्याच्या मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात अर्ज टाकून ठेवावा. आपण राहतो त्या भागातही तो टाकता येतो. दवाखान्याच्या दारात दलाल भेटतात, टक्का मागतात. त्यांना दूर ठेवा. वकिलालाही टक्क्यावर फी ठरवण्याची मुभा नाही. बायकांना, अनुसूचित जातीजमातींना आणि गरिबांना तालुक्याच्या विधी सेवा समितीकडून वकील फुकट मिळतो.

गड्याने अर्ज टाकला. पुढे लोकअदालतीत बोलणे झाले. तिथली तडजोड पक्की असते. तिच्यावर अपील नाही. वर्षे घालवण्यापेक्षा थोडे सोडणे त्याला परवडले. 4,60,000 वर जमले. कागद त्याने स्वतः वाचला, बोट ठेवून, दोन वेळा. रक्कम बँकेत जमा होईल असे त्यात लिहिले आहे ना, ते पाहिले. मग सही केली.